खंडेनवमीचं तेल

आमच्या घरात चाक आधी कानानं पाहायचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी घोडीवर मोटरसायकलचं तारांचं चाक चढवायचे, एका बोटानं ते फिरवायचे आणि दुसऱ्या हातातल्या बारक्या पान्यानं एकेका तारेला टिचकी द्यायचे. ताणलेली तार टण्ण वाजायची, ढिली तार नुसतीच ठप्प. शेडला लागूनच आमचं स्वयंपाकघर, मध्ये एक पत्रा तेवढा. पलीकडं मी भाकरी थापत असायची आणि माझ्या थापांमध्ये त्यांची टणटण मिसळायची. मध्येच एखादी ठप्प ऐकू आली की मी आतूनच ओरडायची, "अण्णा, ती ढिली हाय." अण्णा म्हणायचे, "भाकर करपली तरी चालंल, पण कान हिकडंच ठेव." त्यावर माय म्हणायची, "करपली तर तुमीच खा मग." आणि खरोखरच करपलेली भाकरी त्यांच्याच ताटात जायची. येसराच्या आमटीत ती कुस्करून अण्णा निमूट खायचे. जेवणाबद्दल त्यांनी उभ्या जन्मात तक्रार केली नाही. सगळ्या तक्रारी त्यांनी चाकांसाठी राखून ठेवलेल्या होत्या.

आम्ही लोहार. आजोबा बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवायचे. ती लाल होईस्तोवर तापवायची, चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं; लोखंड आकसून लाकडाला असं धरतं की पुढची दहा वर्षं सोडायचं नाव नाही. मग बैलगाड्या कमी झाल्या, पाटोद्याच्या रस्त्यावर मोटरसायकली वाढल्या आणि अण्णांनी ऐरण कोपऱ्यात सरकवून जुन्या चाकांचा धंदा धरला. वाकलेली रिम सरळ करायची, तारा बदलायच्या, बेरिंग टाकायचं आणि विकायचं. आमच्या भागातल्या रस्त्यांची कृपा अशी की धंद्याला मरण नव्हतं. दसरा झाला की तालुक्यातली कितीतरी माणसं ऊसतोडीला निघायची, आणि त्याआधी गाडी ठाकठीक करायची त्यांची घाई उडायची. शेडच्या आडव्या बांबूवर तेव्हा इतकी चाकं लटकायची की माय त्यांच्याखालून वाकूनच पाण्याला जायची आणि जाता जाता एखादं चाक मुद्दाम फिरवून जायची.

अण्णांच्या दुकानाची एक रीत होती, ती आधीच सांगून टाकते. जुनं चाक बसवलं की पहिल्या फेरीला गाडी गिऱ्हाइकानं चालवायची आणि मागं आमच्या घरचं माणूस बसायचं. नदीच्या पुलाकडं जाणारा उतार उतरायचा आणि परत वर यायचं. आजोबासुद्धा धाव चढवली की त्या बैलगाडीत बसून शिवेपर्यंत जायचे म्हणे. जुन्या मालाला पावती नाही, पेटी नाही, कंपनीचा शिक्का नाही, मग भरवसा द्यायचा कशाचा? अण्णा म्हणायचे, "आपलं हाडच मागं ठेवायचं. मग गिऱ्हाईक काय बोलतंय?" तोवर त्या उतारावर अण्णांच्या कुठल्या चाकानं दगा दिला नव्हता.

मी बारावी पास होऊन घरात होते. नापास झाले नव्हते, हे स्पष्ट लिहिते, कारण गावात अजून काही माणसं सांगतात की कालिंदी नापास झाली म्हणून गॅरेजात बसली. माझा भाऊ चाकणच्या कंपनीत लागला तसा अण्णांच्या समोरचा स्टूल रिकामा झाला, आणि मी कुणाला न विचारता त्यावर बसले. तारा मला महिन्याभरात जमल्या, कान तर तयारच होता. पण माझं मन तारांत रमेना. तेव्हा आमच्याकडं नव्या गाड्यांना अ‍ॅलॉयची चाकं आणि पुढं डिस्क ब्रेक यायला लागले होते. चाकाच्या एका अंगाला भोकाभोकांची गोल लोखंडी थाळी, तिला गाव 'पलेट' म्हणायचं. जुन्या पद्धतीचा ब्रेक चाकाच्या पोटात लपलेला असतो. हा बापडा उघड्यावर. कॅलिपर नावाचा चिमटा दोन पॅडांमध्ये ती थाळी आवळतो आणि एका बोटावर गाडी थांबते. मला तर वेडच लागलं. अण्णा मात्र तिच्याकडं पाहून नाक मुरडायचे. म्हणायचे, "ताटलीवर गाडी थांबवायचे धंदे."

बीडच्या जुन्या बाजारात हनीफचाचांचं भंगाराचं दुकान होतं. अपघातातल्या, जप्तीतल्या गाड्या खोलून ते सुटे भाग विकायचे. अण्णा चाकं घ्यायला जायचे, मी पिशवी धरून मागं. ते रिमा वाजवत बसले की मी चाचांच्या मागं लागायची. पलेट कशी पाहायची ते त्यांनीच मला शिकवलं. कडेवरून नख फिरवायचं. काठ उंच लागला तर मधली जागा झिजलेली. किमान जाडी पलेटवरच कोरलेली असते, तिच्याखाली गेलेली घ्यायची नाही. सपाट काचेवर ठेवून दाबायची. डुगडुगली तर वाकडी. मी इतक्या पलेटा उलट्यापालट्या करायची की चाचा कावायचे, "बेटी, नैं लेना तो मत ले, मगर मेरे माल कू नजर मत लगा." आणि मी पैशासाठी घासाघीस करायला लागले की अण्णांकडं वळून म्हणायचे, "लोहार, इसकू घर पे छोड के आया कर." पण चांगला माल आला की निरोप मलाच यायचा. आजही एखादं पोरगं मोबाइलवर चित्र दाखवून मला पलेट विकायला येतं, तेव्हा मी नख फिरवल्याशिवाय बोलत नाही. पोरं हसतात. हसू देत.

एका साली नवरात्राच्या तोंडावर नाना आले, अण्णांचे थोरले भाऊ. गेवराईकडं राहायचे, आणि दर खेपेला एक स्थळ खिशात घालून यायचे. त्यांनी मला ग्रीसनं माखलेल्या हातानं चहा देताना पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अरे, पोरीची जात. उद्या कुणाचा ब्रेक लागला न्हाई, माणूस मेलं, तर तुझं तोंड कुठं दाखवशील? दे लगीन लावून." अण्णा बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग माझ्याकडं न पाहता म्हणाले, "नाना, हिनं एक पलेटची गाडी आख्खी बसवू दे. उतार उतरली तर दुकान हिचं. न्हाई उतरली तर तुमी दावाल तिथं ही कुरकुर न करता उभी राहील." मग मला म्हणाले, "हाय कबूल?" मी म्हणाले, "हाय." विचार करायला एक क्षण घेतला नाही. मला माझ्या हातांची एवढी खात्री होती की लग्नाचं नावसुद्धा लांबचं वाटलं. एकोणीस वर्षांच्या पोरीची खात्री ती. आज तिचं मला हसू येतं, पण ती खोटी होती असं मी आजही म्हणणार नाही.

गिऱ्हाईक चालून आलं. दगडूभाऊ दूधवाले डोंगरावरच्या वस्तीतून रोज दोन्ही बाजूंना कॅन लटकवून पाटोद्याला उतरायचे. एवढ्या ओझ्याला त्यांचा जुना ब्रेक पुरेना, तीनदा ते म्हशींत शिरले होते. म्हणाले, "कालिंदाबाई, मला ती पलेट बसवा. म्हशी लई शिव्या देत्यात." मी चाचांकडून त्यांच्याच मॉडेलच्या एका मोडक्या गाडीचा पुढचा सगळा संच आणला: पलेटसकट अ‍ॅलॉयचं चाक, कॅलिपर बसेल असे पुढचे शॉकॲब, ब्रेक ऑइलची नळी आणि हँडलवरची डबी. चाक फिरवून काडीच्या टोकासमोर पाहिलं, केसभर इकडंतिकडं नाही. बेरिंग नवीन टाकलं. नळीतली हवा काढताना तर आम्ही माय-लेकी दोघी कामाला लागलो. माय हँडलवरचा दांडा दाबायची आणि मी खाली स्क्रू सैल करून बुडबुडे मोजायची. माय दाबता दाबता म्हणाली, "हे तर म्हशीचं दूध काढल्यावानी हाय." अष्टमीच्या दुपारी काम संपलं. गल्लीत मी स्वतः चारदा गाडी पळवली आणि चारदा एका बोटावर जागच्या जागी उभी केली. शेजारची माणसं दारात येऊन पाहत होती. अण्णाही पाहत होते. त्या दिवशी जेवताना त्यांनी आपल्या ताटातलं सोललेलं सीताफळ माझ्यापुढं सरकवलं. सीताफळ म्हणजे त्यांचा जीव, ते कुणाला देत नसत.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. लोहाराच्या घरात खंडेनवमी म्हणजे दिवाळीच्या वरचा सण. त्या दिवशी ऐरणीवर घण पडत नाही. घरातलं झाडून सारं लोखंड, घण, सांडशी, पाने, विळी, अगदी मायचा तवासुद्धा, घासून पुसून अंगणात पाटावर मांडायचं, त्याला तेल लावायचं, हळदीकुंकू वाहायचं, झेंडूच्या माळा घालायच्या. आमच्यात म्हणतात, लोखंड कोरडं ठेवू नये, कोरडं लोखंड घराला खातं. अण्णा एरवीसुद्धा दुकान बंद करताना हत्यारांवरून तेलाचा बोळा फिरवल्याशिवाय उठत नसत. मी त्या सकाळी पुरण वाटत होते. बाहेर आले तर दगडूभाऊंची गाडी नवरीसारखी सजलेली. हँडलला माळ, चाकाला माळ, आणि माझी पलेट उन्हात अशी चकाकत होती की डोळे दिपावेत. मी पाहिलं. लिहिताना बोटं अडतात, पण मी ती चकाकी नीट पाहिली. आदल्या दिवशी पुसलेली पलेट चकाकते तशी ही चकाकी नव्हती, ओलसर होती. पण मला तेव्हा त्यात माझं नाव दिसत होतं, दुसरं काही दिसत नव्हतं. मी पदराला हात पुसले आणि चारचौघांत मिरवायला उभी राहिले.

नाना मुद्दाम थांबलेले होते. दगडूभाऊ नवा शर्ट घालून आले, नारळ फोडला. रीतीप्रमाणे घरचं माणूस मागं बसायचं होतं, काम माझं म्हणून मीच पुढं झाले. अण्णांनी मला बाजूला केलं. "पोरीचं पैलं काम हाय, मी बसतो," म्हणाले, आणि पलेटला नाक मुरडणारा माणूस धोतर सावरून तिच्या भरवशावर बसला. मी उताराच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभी. दगडूभाऊ फुशारकीत म्हणाले, "आता भ्यायचं कावून? पलेट हाय," आणि गाडी मोकळी सोडली. निम्म्या उतारावर त्यांच्या मागचा लाल दिवा लागला. म्हणजे ब्रेक दाबला. दिवा तसाच लागून राहिला आणि गाडीचा वेग वाढतच गेला. दगडूभाऊंच्या मागच्या ब्रेकचे लायनर केव्हाच झिजून संपलेले, त्याचा आधार नव्हता. पुलाच्या वळणावर त्यांनी गाडी रस्त्याकडेच्या सोयाबीनच्या भुसकटात घातली म्हणून दोघं वाचले. दगडूभाऊ भुसकटातून शिंकत उठले. अण्णा पुलाच्या कठड्यावर आदळले होते आणि त्यांचा उजवा हात मनगटाच्या वर भलत्याच जागी वळला होता.

मी धावत खाली गेले ते कसं, आठवत नाही. अण्णांचं पहिलं वाक्य आठवतं. "दगडूला लागलं का बघ." मग नानांचा आवाज, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "सांगितलं होतं का न्हाई? पोरीच्या हातचं काम." सरकारी दवाखान्यात हाताला प्लास्टर घातलं. तिथं बाकावर बसून मी मनात सगळं काम पुन्हा खोललं आणि पुन्हा बसवलं. नट, नळी, हवा, पॅड. कुठंच चूक सापडेना. गल्लीत चारदा थांबलेली गाडी उतारावर का थांबली नाही? हातातलं दुकान गेलं होतं, लग्न डोक्यावर आलं होतं, बापाचा हात मोडला होता, आणि खरं सांगू, मला सगळ्यात जास्त छळत होता तो हाच प्रश्न.

दुपारी दगडूभाऊंची गाडी ढकलत शेडमध्ये आणली होती. मी कॅलिपर खोलला आणि पॅड नाकाशी धरला. तळणाचा वास आला. करडईच्या तेलाचा, आमच्याच डब्यातल्या. ज्या तेलात मी लहानपणापासून धपाटे भाजत आले, त्याचा वास मला कुणी सांगायची गरज नव्हती. पॅडच्या कडेला लालसर काठ, तो कुंकवाचा. पलेटवर बोट ओढलं तर बोट घसरलं. चाचांनी मला कितीदा बजावलं होतं, पलेटला तेलाचा थेंब चालत नाही. लोखंड गंजलं तर पहिल्या दाबाला गंज निघून जातो, पण तेल पॅडमध्ये मुरलं की तो पॅड मेला. मला हे माहीत होतं. आणि लपवत नाही, त्या क्षणी मला आधी आनंदच झाला. माझं काम चुकलं नव्हतं. बाप दवाखान्यातून नुकताच घरी येऊन पडलाय आणि मी शेडमध्ये पॅड हातात धरून हसतेय. मग त्या तेलाचा बोळा कुणाच्या हातात होता ते ध्यानात आलं आणि मी पॅड घेऊन आत गेले.

मायला पॅड दाखवला. तिनं तो हुंगून पाहिला. मग म्हणाली, "सकाळी अंगोळ करून तेलाची वाटी घेतली अन् मला म्हणले, आज पैलं तेल पोरीच्या चाकाला, मग ऐरणीला." जन्मभर ऐरणीच्या आधी त्यांनी कशालाच तेल लावलं नव्हतं. "सांगू नको त्यास्नी," माय म्हणाली. "हात मोडलाय, आता मन मोडू नको." मी मायवर खेकसले, "आन् मी? मी उभी राहू का नानांच्या स्थळापुढं, दुसऱ्याच्या चुकीपायी?" माय म्हणाली, "दुसरा कोण गं? बाप हाय तुझा." आत कुठंतरी मला टोचत होतं की चूक नुसती त्यांचीही नव्हती. चाचांकडून मी इतकं शिकले, त्यातलं एक अक्षर अण्णांना सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, यांना तारा कळतात, पलेट आपली. शेडमध्ये एक गोष्ट अशी होती की जी फक्त मला येत होती, आणि ती मी दाबून धरली होती.

तीन दिवस मी गप्प राहिले. नाना मुलाकडच्यांना निरोप धाडून मोकळे झाले. गिऱ्हाइकं दारावरून पुढं जायची. चौथ्या दिवशी मी अण्णांना भरवत होते, डाव्या हातानं त्यांना जमेना म्हणून. कढीभाताचा घास त्यांनी गिळला आणि विचारलं, "कालिंदे, कुठं चुकलं?" माझ्याकडं उत्तर तयार होतं: पॅड जुने होते, चाचांनी फसवलं. अण्णा म्हणाले, "दोष द्याया इचारत न्हाई. तू काम नीट केलतंस, मी गल्लीत बघितलंय. पण उतारावर लागलं न्हाई म्हंजी काहीतरी हाय. ते घावाय पायजे. न्हाईतर फुडच्या माणसाला भुसकाट मिळायचं न्हाई." आता सांगा, असं विचारणाऱ्या माणसाशी खोटं कसं बोलायचं? आणि खोटं बोलले तर पुढच्या खंडेनवमीला आमच्या अंगणात दुसऱ्या कुणाची पलेट तेलानं न्हाऊन निघणार, हे मला ताटाइतकं स्वच्छ दिसत होतं.

"तेल," मी म्हणाले. "तुमी पलेटला तेल लावलं. तिला तेल चालत न्हाई, ती कोरडीच ठेवायची असती. आन् ते मी तुमाला कधी सांगितलंच न्हाई."

अण्णा म्हणाले, "पॅड आण." मी आणला. त्यांनी डाव्या हातानं तो नाकाशी नेला, डोळे मिटले, परत ठेवला. "करडीचं हाय," एवढंच बोलले आणि भिंतीकडं तोंड करून पडले. राहिलेला कढीभात तसाच निवला. पुढचे दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, मायशीही नाही. मला वाटलं, संपलं. हात त्यांच्या तेलानं मोडला असेल, मन मीच मोडलं. त्या दोन दिवसांत मी एक केलं: पलेट पेट्रोलनं पुसली, साबणानं धुतली, पॉलिश पेपरनं घासली, नवे पॅड आणून बसवले आणि दगडूभाऊंच्या मागच्या ब्रेकला लायनरही टाकले. कुणासाठी, ते माहीत नव्हतं. हात मोकळे राहवत नव्हते म्हणून.

बाजाराच्या दिवशी सकाळी अण्णांनी प्लास्टरचा हात गळ्यात अडकवला, डोक्यावर टोपी घातली आणि शेडमध्ये आले. दगडूभाऊ दुधाचे कॅन रिकामे करून गाडीची चौकशी करायला आलेच होते, जुनं चाक परत लावून द्या म्हणायला. नाना ओट्यावर चहा पीत होते. अण्णा म्हणाले, "दगडू, गाडी तयार हाय. बस, मी मागं बसतो." दगडूभाऊंनी दोन्ही हात जोडले. "न्हाई बाबा. मला लेकरं हायेत." "बरं," अण्णा म्हणाले, "मग कालिंदा चालवंल." नाना उठून उभे राहिले. "अरे, डोकं फिरलं का तुझं? एक हात ऱ्हायलाय, तोबी घालवतो का?" अण्णा तोवर गाडीवर टांग टाकून बसले होते. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी नुसती मान हलवली.

बाजाराचा दिवस, रस्ता माणसांनी भरलेला. आमची वरात निघाल्यासारखी माणसं मागं आली. उताराच्या तोंडाशी मी दांडा एकदा दाबून पाहिला. गाडी सोडली. अण्णांचा प्लास्टरचा हात माझ्या पाठीला लागत होता. निम्म्या उतारावर, नेमक्या त्याच जागी, मी दोन बोटांनी दांडा दाबला. पुढचं चाक दबलं, गाडीनं मान खाली घातली आणि जागच्या जागी उभी राहिली. अण्णांचं सगळं वजन माझ्या पाठीवर आलं. आमच्या मागं आलेली माणसंसुद्धा थांबली.

अण्णा उतरले. मागच्या गर्दीकडं वळले. एरवी चारचौघांत मोठ्यानं न बोलणारा माणूस, पण त्या दिवशी आवाज खणखणीत लागला. "ऐका रे. पोरीचं काम त्या दिवशीबी नीटच होतं. पलेटला तेल मी लावलं. पिढीजात लोहार मी, अन् लोखंडाला तेल लावून मीच माझा हात मोडून घेतला." कुणीतरी हसलं. अण्णाही हसले. दगडूभाऊ गर्दीतून म्हणाले, "अण्णा, माझीबी मान मोडली असती की." "मोडली असती," अण्णा म्हणाले, "म्हणून तर सांगतोय." मी मध्ये बोलायला गेले की सांगितलं मी नव्हतं, चूक माझीही आहे. त्यांनी मला गप्प केलं. "तुझं तू घरी बोल. हितं माझं चाललंय." मग परत गाडीवर बसले आणि म्हणाले, "वर घे. आनखी एकदा उतरू." आम्ही तीनदा उतरलो. तिसऱ्यांदा नुसतं हौसेनं.

नाना त्याच दुपारच्या एस.टी.नं गेले. जाताना मला म्हणाले, "मुलाकडच्यांना मी काय सांगू आता?" मी म्हणाले, "सांगा, पोरगी कामावर हाय." ते काहीतरी पुटपुटले, पण लग्न ठरल्यावर वाटायला आणलेली खडीसाखरेची पुडी त्यांनी खिशातून काढून माझ्या हातावर ठेवली. लग्न झालं माझं पुढं, माझ्या मर्जीनं आणि दुकानासकट. ते इथं सांगायचं नाही.

आता खंडेनवमीला मी गिऱ्हाइकांना आधी हे सांगते: हळदीकुंकू दिव्याला लावा, टाकीला लावा, माळ हँडलला घाला, पलेटला फक्त नमस्कार करा. कुणी विचारतं, "कावून, देव रागावंल का?" मी म्हणते, देवाचं माहीत नाही, मी रागावीन.

त्या दिवशी नाना गेल्यावर मी शेडमध्ये आले तर अण्णा स्टुलावर बसलेले. माझ्या स्टुलावर, पलेटच्या कामाच्या बाजूला. समोर फडक्यावर एक जुना कॅलिपर ठेवलेला. त्यांनी तो डाव्या हातानं उचलला, वळवून पाहिला आणि माझ्यापुढं धरला.

"हं, सांग," म्हणाले. "पैल्यापासून. मला काहीच येत न्हाई असं धरून सांग."

साऱ्या तालुक्याची चाकं ज्यांनी सरळ केली तो माणूस माझ्यासमोर शिकायला बसला होता. मी त्यांच्या हाताकडं पाहिलं. तळवा ग्रीसनं आणि तेलानं काळा, कायमचा होता तसा.

"आधी हात धुवून या," मी म्हणाले. "साबणानं."

अण्णांनी तळवा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मग उठले, मायला हाक मारून अंगणातल्या दगडावर बसले, आणि तिनं तांब्यानं पाणी घातलं तसा त्यांनी तो एकटा हात आपल्याच मांडीवर ठेवलेल्या साबणावर घासून दोनदा स्वच्छ धुतला.